स्मृतिशिलेचा मसुदा

सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, जिथे घराघरांतून देवांच्या तसबिरींशेजारी गणवेशातल्या एखाद्या माणसाचीही तसबीर टांगलेली आढळते, तिथे माझे आजोळ आहे. त्या गावच्या चावडीच्या दर्शनी भिंतीत एक लहानशी शिळा बसवलेली आहे. तीवर केवळ दोन आकडे आहेत: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर ह्या गावातून किती माणसे गेली, आणि त्यांतल्या किती जणांनी प्राण दिले. नाव एकाचेही नाही. इंग्रज सरकारने युद्धसमाप्तीनंतर अशा शिळा मुलूखभर बसवल्या, आणि ज्या गावांनी अधिक माणसे दिली त्यांचा विशेष गौरवही केला. ४६ माणसे त्या एका युद्धात गमावलेल्या अपशिंगे गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्द जो चिकटला तो आजतागायत सुटलेला नाही. आमच्या गावच्या शिळेवरून मी लहानपणी शेकडो वेळा हात फिरवला असेल. परंतु त्या दुसऱ्या आकड्यातला प्रत्येक एकक म्हणजे कोणाच्या तरी घरचे न परतलेले माणूस, हे त्या वयात माझ्या ध्यानी आले नव्हते.

यंदा गावकीने ठरवले की जुन्या शिळेशेजारी एक नवी शिळा उभारावी, आणि ‘जर्मनच्या लढाई’पासून आजवर कामी आलेल्यांची जेवढी नावे मिळतील तेवढी तीवर कोरावीत. नावे जमवण्याचे काम पलटणीतून निवृत्त झालेल्या सुभेदारांकडे आले, आणि शिळेच्या शिरोभागी घालावयाची कविता रचण्याचे काम, बदलीने ह्या गावी येऊन पुढे इथलेच होऊन गेलेल्या गुरुजींकडे. मी गेलो त्या दिवशी सकाळी पाथरवट येऊन दगड मापून गेला होता. जाताना त्याने नावांच्या खाली किती जागा मोकळी सोडावी असे विचारले होते, आणि त्याचे उत्तर कोणीच दिले नव्हते. सायंकाळी पारावर गुरुजींनी आपल्या कवितेचा मसुदा वाचून दाखवला. आठ ओळींची कविता होती. पहिल्या सहा ओळींत वाटेकडे लागलेले आईचे डोळे होते, आणि शेवटच्या दोन ओळींत मृत वीर गावच्या तरुणांना आपल्यामागून येण्याची साद घालत होते. वाचन संपल्यावर सुभेदार बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गुरुजी, राग मानू नका, पण ही कविता दगडावर नको. नावे कोरू. कविता नको.”

त्यावर जो संवाद झाला तो शक्य तेवढा त्या दोघांच्याच शब्दांत इथे मांडतो. कारण वीरांच्या स्मरणाने युद्धाला बळ मिळते काय, हा जो प्रश्न मला केवळ पुस्तकांतून ठाऊक होता, तो त्या दिवशी प्रथमच मला जिवंत माणसांच्या मुखातून ऐकावयास मिळाला.

“सुभेदार,” गुरुजी म्हणाले, “शिपायाच्या तोंडून हे ऐकावे लागेल असे वाटले नव्हते. ही भिंतीतली शिळा पाहा. हिच्यावर कविता नाही, गौरव नाही, नावसुद्धा नाही. दोन आकडे आहेत. कविता नसल्याने ही शिळा अधिक पवित्र झाली काय? आपल्या मराठ्यांच्या तीन पलटणी १९१५ च्या डिसेंबरापासून मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात सापडल्या, घोड्यांच्या मांसावर दिवस काढण्याची पाळी तिथल्या फौजेवर आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी ती शत्रूच्या स्वाधीन झाली. त्या मोहिमेत पडलेल्या आणि कबरी न सापडलेल्या ४० हजारांहून अधिक लोकांसाठी पुढे बसऱ्याला स्मारक झाले. त्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे आली, आणि हिंदुस्थानच्या साध्या शिपायांचे काय आले? आकडे. इतके मेले, एवढेच. ज्या सत्तेला मेलेल्यांची नावे लिहावी लागत नाहीत, तिला उद्या आणखी माणसे पाठवताना हात आखडण्याचे कारण काय? तुम्ही म्हणाल, आठवणीने युद्धे वाढतात. मी म्हणतो, विस्मृतीने ती स्वस्त होतात. आणि नाव जिवंत ठेवते ते काव्य. सनदा वाळवी खाते, दप्तरे जळतात; शाहिराच्या तोंडचे नाव तेवढे मागे राहते.”

“नावाविषयी माझी तक्रारच नाही,” सुभेदार म्हणाले. “ह्या दुसऱ्या आकड्यातली नावे शोधण्यासाठी मी दोन महिने घरोघर हिंडलो. काही घरांत पणतवंडांनाही ठाऊक नाही. ‘आमचा एक आजा बसऱ्याला गेला’ एवढेच सांगतात. ती नावे गेली ह्याचे मला तुमच्याइतकेच दुःख आहे. पण नाव वेगळे आणि त्या नावावर रचलेले गाणे वेगळे. तुम्हाला वाटते, गाणे ऐकून पोरगा भरतीला जातो. तसे नसते. तो जातो कारण जमिनीचे वाटे होत होत त्याच्या वाट्याला दीड-दोन बिघे उरतात, पाऊस तीन वर्षे दगा देतो, आणि चुलत्याच्या पेन्शनवर घर चाललेले तो रोज पाहतो. शिपायाला कविता लागत नाही. कविता लागते ती मागे राहणाऱ्याला, म्हणजे पाठवणाऱ्याला. ज्याने हुकमावर सही करायची त्याला, आणि ज्याने टाळ्या वाजवायच्या त्याला. मरण सुंदर आहे असे एकदा गाण्यात ठरले, म्हणजे पाठवणाऱ्याच्या मनाला टोचणी राहत नाही. ती टोचणी राहावी, एवढेच माझे म्हणणे आहे.”

पाराच्या पलीकडे महादेवाचे देऊळ आहे आणि देवळाच्या ओट्याशी शेंदराने माखलेले दोन जुने दगड उभे आहेत. सुभेदारांनी तिकडे बोट दाखवले. त्यांतला एक वीरगळ आहे. आपल्या मुलखात असे दगड शेकड्यांनी आढळतात आणि बहुतेकांवर अक्षर एकही नसते; चित्र मात्र ठरलेले असते. तळच्या चौकटीत लढाई आहे, गुरे वळवून नेणाऱ्यांशी झुंजणारा एक माणूस आणि त्याच्यावर उगारलेल्या तलवारी. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर घेऊन चालल्या आहेत. वरच्या चौकटीत तो कैलासी शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे, आणि माथ्यावर चंद्रसूर्य कोरले आहेत, अर्थात ते असेतोवर ही कीर्ती राहील. शेजारचा दगड सतीचा. त्यावर माणूस नाहीच; कोपरात वाकलेला एक हात आहे, आणि त्या हातात बांगड्या.

“तळच्या चौकटीपासून मधल्या चौकटीपर्यंत बोटभर अंतर आहे,” सुभेदार म्हणाले. “त्या बोटभर जागेत काय घडते ते मी पाहिले आहे. तिथे अप्सरा येत नाहीत. तिथे माणूस पाणी मागतो, आईला हाक मारतो, आणि कधी कधी फार वेळ मरत नाही. कोरणाऱ्याने ती जागा वगळली. आणि वगळली म्हणूनच शेजारी हा दुसरा दगड उभा राहिला. नवरा कैलासाला गेला हे दगडाने एकदा सांगितले, मग बाईने मागे का राहावे? ह्या बांगड्यांच्या हाताला गावाने शेंदूर लावला, नवस बोलले, आणि पुढच्या विधवेने येता-जाता तो हात पाहिला. गुरुजी, एका स्मारकाने दुसरे मरण बोलावून घेतल्याचा पुरावा तुम्हाला ह्याहून जवळचा कोणता हवा?”

गुरुजी क्षणभर गप्प राहिले. मग ते सावकाश म्हणाले, “हा पुरावा मी नाकारत नाही. परंतु त्या बाईला चितेवर नेणारा केवळ हा हात नव्हता. रूढी होती, विधवेच्या वाट्याला येणारी विटंबना होती, कित्येकदा इस्टेटीचा लोभही होता. १८२९ साली कायदा झाला तो सतीच्या चालीविरुद्ध. हे दगड तेव्हाही उभे होते आणि आजही आहेत, पण त्यांना पाहून आज कोणी चितेवर चढत नाही. म्हणजे दगड स्वतः मारत नाही; दगडाला पुढे करून माणसे मारतात. आणि दगडच नसते तर ती बाई होती, एवढे तरी आज आपल्याला कशावरून कळले असते? आता मी तुम्हाला विचारतो. नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आपल्या सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. कुसुमाग्रजांनी त्या सात जणांवर कविता लिहिली. ती ऐकून अंगावर रोमांच उभे राहिले नाहीत असा मराठी माणूस मला दाखवा. ती कविता तुम्ही गुन्हेगार ठरवणार काय?”

“मी स्वतः ती पलटणीत गाइली आहे,” सुभेदार म्हणाले, “आणि पुन्हा गाईन. पण अधिकारी म्हणून मला विचाराल तर, माझ्या हाताखालच्या कोणी असे केले असते तर जिवंत परतल्यावर मी त्याची चौकशी लावली असती. सरनोबतच पडला तर फौजेने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? प्रतापरावांना ते समजत नव्हते असे नाही. खानाला हाती आला असता सोडून दिल्याबद्दल शिवाजी महाराजांचा ठपका आला होता, आणि तो त्यांच्या जिव्हारी लागला होता. म्हणजे सात माणसे गेली ती एका शब्दाच्या घावाने. कवितेत तो वेग आहे, तो घाव फारसा कोणाला आठवत नाही. आणि महाराजांनी पुढे काय केले ते पाहा. त्यांनी प्रतापरावांची कन्या जानकीबाई आपल्या घरात सून करून आणली, राजारामांशी तिचा विवाह लावला. ही त्यांची श्रद्धांजली. अफजलखानाच्या प्रसंगानंतर जी माणसे कामी आली होती त्यांचे काय केले ते बखरकार सभासदाने लिहून ठेवले आहे: मुले होती त्यांच्या मुलांचे चालवले, मूल नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले. पुढे पेशव्यांच्या दप्तरात ह्याला एक शब्दच रूढ झाला, तुम्ही मला तो सांगितला होता.”

“बालपरवेशी,” गुरुजी म्हणाले.

“बालपरवेशी. सरकारकामी पडलेल्याच्या पोरांना पोसण्याची नेमणूक. दरबाराने कविता केली नाही, दरबाराने हिशेब केला. ज्या राज्याला प्रत्येक मेलेल्या शिपायामागे एक घर पोसावे लागते, ते राज्य लढाईला निघण्यापूर्वी दोनदा विचार करते. कवितेला पदरचा पैसा लागत नाही, म्हणून ती पुरवठ्याला कधीच कमी पडत नाही.”

ह्यावर गुरुजींनी जे केले ते वादात प्रतिपक्षाला जिंकू पाहणारा मनुष्य सहसा करीत नाही; आपल्या बाजूचा पुरावा पुढे करण्याऐवजी त्यांनी प्रतिपक्षाला अधिक बळकट करणारा पुरावा स्वतःच काढला. ते म्हणाले, “तुमच्या म्हणण्याला आधार देणारी एक गोष्ट मीच सांगतो, म्हणजे वाद प्रामाणिकपणे पुढे जाईल. १९१५ च्या मे महिन्यात, बेल्जियममधील ईप्र शहरालगतच्या रणभूमीवर, जॉन मॅक्रे नावाच्या कॅनेडियन डॉक्टराने आपल्या एका तरुण मित्राला पुरल्यानंतर एक कविता लिहिली. त्या प्रदेशातल्या उखणलेल्या जमिनीत खसखशीच्या जातीची तांबडी फुले उगवतात. ती फुले, थडग्यांच्या रांगा आणि वर गाणारे पक्षी अशी ती कविता सुरू होते. तिची पहिली दोन कडवी म्हणजे शुद्ध शोक आहे. कालपर्यंत आम्ही जगत होतो, प्रेम करीत होतो, असे मृत सांगतात. परंतु तिसऱ्या कडव्यात तेच मृत जिवंतांना फर्मावतात की शत्रूशी आमचे भांडण तुम्ही पुढे चालवा, नाहीतर आम्हाला झोप लागणार नाही. १९१७ साली कॅनडात युद्धकर्जाचे रोखे खपवण्यासाठी तीच कविता भिंतींवरच्या जाहिरातींतून वापरली गेली. स्वतः मॅक्रे १९१८ च्या जानेवारीत लष्करी इस्पितळातच वारला. त्याने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. त्याचा शोक खरा होता. पण शोकाच्या पाठोपाठ हुकूम आला, आणि सरकारच्या उपयोगी पडला तो हुकूम.”

“तिसरे कडवे,” सुभेदार इतकेच म्हणाले, आणि गुरुजींच्या हातातल्या कागदाकडे त्यांनी पाहिले. गुरुजींनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. परंतु ते थांबले नाहीत.

“त्याच रणभूमीवरची जर्मनांची गोष्ट याहून भयंकर आहे. १९१४ च्या शरद ऋतूत जेमतेम दोन महिने कवायत शिकलेली स्वयंसेवक पोरे तिथे यंत्रतोफांपुढे लोटली गेली. फळ काहीच निघाले नाही. माणसे मात्र हजारांनी गेली. ११ नोव्हेंबरला लष्करी पत्रक निघाले की लांगेमार्कच्या पश्चिमेस तरुण पलटणी देशभक्तीचे गीत गात शत्रूच्या खंदकांवर चालून गेल्या आणि ते त्यांनी जिंकले. ज्याने चुकीचा हुकूम दिला त्याची चौकशी व्हावयाची ती राहिली; तिच्या जागी गाणे आले. पुढे दरवर्षी लांगेमार्कचे स्मरण होऊ लागले, कवने झाली, विद्यार्थ्यांचे मेळावे भरले, आणि हिटलरच्या राजवटीत तर त्या मृत पोरांच्या नावाने नव्या पोरांना तयार करण्याचा शिरस्ताच पडला. १९४० च्या जूनमध्ये, दुसऱ्या युद्धात बेल्जियम पाडल्याबरोबर, हिटलर स्वतः त्या दफनभूमीला भेट देऊन गेला. सुभेदार, स्मरणातून युद्ध निपजते काय असे मला कोणी विचारले, तर लांगेमार्कपुरते मला ‘होय’ असेच उत्तर द्यावे लागेल.”

“मग वाद कशाचा राहिला?” सुभेदारांनी विचारले.

“वाद ह्याचा, की त्याच रणभूमीवर, तिथून काही कोसांवर, दुसरे एक स्मारक आहे,” गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली आला. “त्या स्वयंसेवक पोरांत पीटर कोलविट्झ नावाचा अठरा वर्षांचा मुलगा होता. त्याच्या वडिलांचा जाण्याला विरोध होता. वयात न आलेल्या मुलाला वडिलांच्या संमतीखेरीज जाता येत नव्हते. ती संमती मिळवून दिली त्याच्या आईने, नवऱ्याची मनधरणी करून. १९१४ च्या ऑक्टोबरात तो मुलगा पडला. ती आई म्हणजे केटे कोलविट्झ, जर्मनीतली मोठी चित्रकार आणि शिल्पकार. मुलासाठी स्मारक करावयाचे तिने ठरवले, आणि ते पुरे होण्याला १९३२ साल उजाडले. प्रारंभी तिच्या मनात होता तो मुलाचाच पुतळा, आडवा पहुडलेला. अनेक वर्षे तिने तो करून पाहिला, मोडला, पुन्हा हाती घेतला. अखेर जे उभे राहिले त्यात मुलगा नाहीच. फक्त आई आणि बाप आहेत, दोघेही गुडघ्यांवर, एकमेकांना स्पर्श न करता. बापाने आपलेच दोन्ही हात छातीशी आवळून धरले आहेत. आई पुढे इतकी वाकली आहे की आता कोसळेल असे वाटते. चेहरे त्या दोघांचेच. शिपाई नाही, बंदूक नाही, स्वर्ग नाही. तुम्ही म्हणालात ना, वीरगळाच्या दोन चौकटींमधली ती बोटभर जागा? तिने तेवढीच कोरली.”

कोणी काही बोलले नाही. गुरुजी पुढे म्हणाले, “युद्धाच्या अखेरच्या महिन्यात, १९१८ च्या ऑक्टोबरात, एका नामांकित कवीने आणखी स्वयंसेवकांनी पुढे यावे अशी हाक दिली. ह्या बाईने त्याला वर्तमानपत्रातून उत्तर दिले, आणि त्यात गटेच्या एका वचनाचा आधार घेतला: पेरणीचे बियाणे दळावयाचे नसते. १९४२ साली, म्हातारपणी, तिने ह्याच वचनावर आपले शेवटचे मोठे चित्र काढले; त्यात एक बाई आपल्या पदराखाली पोरांना घट्ट झाकून उभी आहे. त्याच वर्षी तिचा नातू रशियाच्या आघाडीवर मारला गेला. त्याचे नावही पीटरच होते.”

सुभेदारांनी ते वाक्य स्वतःशीच पुन्हा उच्चारले. “बियाणे दळायचे नसते,” ते म्हणाले. “आमच्या आईला हे कोणी सांगावे लागले नसते. शाळवाची निवडक कणसे आढ्याला बांधलेली असत. दुष्काळात जात्याला घालायला घरात दाणा नव्हता, आम्ही पोरे भुकेने रडत होतो, पण आईने आढ्याकडे मान वर केली नाही. ते पुढच्या वर्षाचे होते.” मग थोडे थांबून ते म्हणाले, “गुरुजी, माझ्या शेजारी पडलेला एक जवान होता. त्याची वस्तू द्यायला मी त्याच्या घरी गेलो होतो. काय सांगायचे ते वाटेत सगळे मनाशी जुळवले होते: शूर होता, पुढे होता, पलटणीचे नाव राखले. त्याच्या आईने मला त्यातले काहीच विचारले नाही. तिने विचारले, ‘त्या दिवशी तो जेवला होता का?’ मला आठवेना. मी ‘हो’ म्हणालो. आजवर मला ते एक वाक्य टोचते. खरे असेल किंवा नसेलही. तुमच्या कवितेत तो प्रश्न असेल तर ती कविता दगडावर घाला, माझी हरकत नाही. मी स्वतः पाथरवटाजवळ बसून ती कोरवून घेईन.”

गुरुजी म्हणाले, “तो प्रश्न महाभारतकाराला ठाऊक होता. युद्ध जिंकल्यावर त्याने ग्रंथ संपवला नाही. स्त्रीपर्व लिहिले, आणि ज्यांची नावे अठरा दिवस पराक्रमाने गाजली त्यांची प्रेते गांधारीच्या डोळ्यांनी एकेक करून दाखवली. मग गंगेच्या तीरावर तर्पण चालले असता कुंती पुढे होऊन सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा वडील भाऊ होता. जे सत्य युद्धापूर्वी बोलले गेले असते तर कदाचित युद्धच टळते, ते स्मरणाच्या घटकेला बाहेर आले. युधिष्ठिराला त्या क्षणी आपला विजय पराभवासारखा वाटला. सुभेदार, स्मरण करावे ते असे, ज्यात जिंकणाऱ्यालाही खाली पाहावे लागते, आणि शत्रूच्याही नावाने ओंजळ सोडावी लागते. असे काव्य युद्धाला उत्तेजन देते, असे तुम्ही म्हणणार नाही.”

“नाही म्हणणार. पण असे काव्य युद्ध थांबवते, असे तुम्ही तरी म्हणाल काय?”

गुरुजींनी ह्याचे उत्तर लगेच दिले नाही. “नाही,” ते अखेर म्हणाले. “विल्फ्रेड ओवेन ह्या इंग्रज कवीने खंदकातल्या विषारी वायूचे मरण जसे होते तसे लिहून ठेवले, आणि देशासाठी मरणे गोड असते हे जुने लॅटिन वचन खोटे ठरवले. युद्धसमाप्तीला एकच आठवडा उरला असता, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी तो मारला गेला. विजयाच्या घंटा गावात वाजत असताना त्याच्या आईच्या हाती तार पडली. त्याच्या कविता एका सबंध पिढीने वाचल्या, आणि तरीही १९३९ साल यावयाचे ते आलेच. कवितेच्या अंगी तेवढे बळ नाही. पण एक गोष्ट तिच्या हाती आहे. ती खोटी साक्ष देण्याचे नाकारू शकते.”

इतके बोलून त्यांनी खिशातला कागद काढला, गुडघ्यावर पसरला, आणि शेवटच्या दोन ओळींवर आडवी रेघ ओढली. ती ओढताना त्यांचा हात किंचित थांबला; त्या दोन ओळी वृत्ताच्या दृष्टीने साऱ्या कवितेत सर्वांत सुरेख होत्या, हे ऐकतानाच माझ्या लक्षात आले होते.

त्या संध्याकाळनंतर मी ह्या विषयाचा पुष्कळ विचार केला आहे, आणि त्या दोघांच्या बोलण्यातून जे मला गवसले ते असे की मृतांचे स्मरण युद्धाला जन्म देत नाही; युद्धाला बळ मिळते ते मृतांच्या मुखी जिवंतांनी आपला हुकूम घातल्याने. मेलेला मनुष्य काही मागत नाही. त्याच्या नावाने जेव्हा आणखी माणसे मागितली जातात, तेव्हा मागणारा कोणीतरी जिवंत असतो, आणि बहुधा तो स्वतः जाणारा नसतो. म्हणून वीरांवरील कोणतेही काव्य हाती आले असता मी आता एकच गोष्ट तपासतो: ह्यात जिवंतांवर ऋण ठेवले आहे की आज्ञा लादली आहे? ऋण ठेवणारे काव्य आपल्याला त्या घरापर्यंत नेते, जिथे कोणी म्हातारी तो दिवसभर उपाशी तर नव्हता ना म्हणून विचारते आहे, आणि त्या घरची चूल, त्या पोरांची शाळा, त्या हुकमाचा खरेखोटेपणा ह्यांचा जाब आपल्याला द्यावा लागतो. आज्ञा लादणारे काव्य आपल्याला त्या घरावरून पुढे काढते आणि थेट पुढच्या रणभूमीवर सोडते. सीमा आहेत तोवर शिपाई असणार, आणि शिपाई आहेत तोवर त्यांतले काही परतणार नाहीत, हे मी जाणतो. त्यांना विसरणे हा अधमपणा होय. परंतु त्यांना न विसरणे म्हणजे त्यांच्या संपूर्ण मरणाला न विसरणे: त्यातले धैर्य, त्यातली वेदना, आणि कोठे चूक झाली असेल तर ती चूकही. यांतले काही वगळले की स्मरणाची भरती-नोटीस होते.

दुसऱ्या दिवशी पाथरवट पुन्हा आला. जमलेली नावे, गावची सहा ओळींची कविता, सारे त्याच्या हाती दिल्यावर त्याने आदल्या दिवशीचाच प्रश्न पुन्हा विचारला: खाली जागा किती सोडू? त्याच्या विचारण्यात गैर काही नव्हते. दगड मोठा होता, आणि धंद्याच्या दृष्टीने पुढची सोय पाहून ठेवणे हे शहाणपणाचेच होते. गुरुजींनी सुभेदारांकडे पाहिले. ज्यांच्या घरातला आणखी एकजण त्या घडीलाही सीमेवर होता, त्या सुभेदारांनी दगडाच्या त्या कोऱ्या भागावर तळहात ठेवला आणि म्हणाले, “जागा सोडायची नाही. प्रत्येकाच्या आईचे नाव मी लिहून आणले आहे. बायको होती तिचेही. ती खाली घाला, दगड पुरा भरेल.”

“आणि उद्या कोणी आणखी...” पाथरवटाने वाक्य अर्धेच सोडले.

“तर मग नवा दगड आणावा लागेल,” सुभेदार म्हणाले. “खाणीतून काढावा लागेल, घाट चढवून आणावा लागेल, गावाला पुन्हा वर्गणी काढावी लागेल. ते इतके जड असलेच पाहिजे.”